गिलाव्याआडचं वायफाय

आमच्या शेजारच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उभी राहिलीय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. याला दोरीची गरज कधी पडलीच नाही. हा जन्माला येतानाच डोळ्यांत ओळंबा घेऊन आला. एकदा दाताच्या डॉक्टरकडे गेला, खुर्चीत आडवा झाला, आ केला आणि तसाच आ ठेवून म्हणाला, "हे छत कुणी केलं?" डॉक्टर बिचारा हातात चिमटा घेऊन वर बघायला लागला. शेवटी दात राहिला आणि छत उतरवलं. खोटं वाटत असेल तर दात अजून जागेवर आहे, जाऊन बघा.

गुडघे गेल्यापासून तो घरीच असतो. घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं. त्याची आणि माझी एक भिंत सामाईक. पलीकडे त्याची लांबलचक बैठकीची खोली, अलीकडे माझं टीचभर स्वयंपाकघर. मी माझ्या बाजूने खिळा ठोकला की पलीकडून आवाज येतो, "कुणाला विचारून?"

वरच्या मजल्यावर एकच खोली आहे. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने ती एकट्याने चढवली, एकेक वीट बोटाने वाजवून. मी म्हटलं, "अरे, सून घरात येतेय, विटा कसल्या वाजवतोस!" तर म्हणाला, "सून वाजवून घेता येत नाही. वीट येते." पण सून निघाली खणखणीत. ती धुलाईयंत्रांच्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची, आणि आवाज इतका गोड, की ज्यांचं यंत्र नीट चालू होतं तेसुद्धा फोन करून ते बिघडल्याचं सांगायचे. अडचण एकच. कंपनीचं ऑफिस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी अंधारात निघायची, संध्याकाळी अंधारात यायची. घराशी तिचा संबंध फोन चार्जिंगला लावण्यापुरता उरला होता.

मग एके दिवशी जेवताना मुलाने विषय काढला. मी होतोच, जेवायच्या वेळी मी असतोच.

"बाबा, तिच्या ऑफिसजवळ एक जागा बघितलीय. दोन खोल्या आहेत."

ओळंब्याने हातातला घास खाली ठेवला. "चौकटी सरळ आहेत का?"

"बाबा, मी तिकडे राहायला जाण्याबद्दल बोलतोय."

"मग मी कशाबद्दल विचारतोय?"

ओळंबा छताकडे बघत म्हणाला, "वापर नसला की खोलीला ओल धरते. मग पोपडे निघतात." 'जाऊ नका' हे त्याच्या भाषेत असं म्हणतात. तिथे बसलेल्या सगळ्यांना ते कळलं, आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं करून भाताकडे पाहिलं. त्या घरात माया व्यक्त करायची ती सिमेंटातूनच.

सून तेवढी हुशार. ती म्हणाली, "बाबा, कंपनी घरून काम करू देते. पण घरात वायफाय पाहिजे, दणदणीत. महिनाभर बघणार. मधेच फोन तुटले नाहीत तर कायमचं घरून."

"मग आणा की!"

"भिंतीवर वायर येईल थोडी. राउटर अडकवावा लागेल."

'भिंतीवर' म्हटल्याबरोबर त्याची उजवी भुवई वर गेली. पण तो म्हणाला, "आणा म्हटलं ना." एवढं म्हणताना त्याला किती कष्ट पडले ते मी पाहिलंय. दात काढताना पडले असते त्याहून जास्त.

वायफायवाला आला. काटकुळा, घाईत, कानावर पेन्सिल. रस्त्यावरच्या खांबावरून त्याने वायर ओढली, खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेतली, बैठकीच्या खोलीतून झुलत नेली आणि आमच्या सामाईक भिंतीवर दोन स्क्रू पिळून पांढरा डबा अडकवला. डब्याला दोन शिंगं. सुनेने वरच्या खोलीतून ओरडून सांगितलं, "चार दांड्या! पूर्ण चार!" सगळे खूश. ओळंबा डब्यासमोर उभा. त्याने खिशातून पाणसळ काढली, म्हणजे ती आडवी पट्टी, जिच्यातल्या पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की समजायचं, काम सरळ आहे. डब्यावर ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.

"तिरका आहे," ओळंबा म्हणाला.

"चालतो, काका."

"चालतो काय? आणि ही वायर? कपडे वाळत घालायचेत का तिच्यावर?"

"काका, नेटवर्कला काय करायचंय डबा सरळ की तिरका!" असं म्हणून तो पुढच्या घरी गेलासुद्धा.

सुनेचं घरून काम सुरू झालं. आठवडाभर सगळं गोडीगुलाबीत. वरून तिचा आवाज यायचा, "हो ताई, झाकण उघडून बघा… नाही, मोजा तिथेच असणार," आणि खाली ओळंबा डब्याकडे पाठ करून पेपर वाचायचा. पण पाठ केली तरी तिरका डबा पाठीला टोचायचा. पाहुणे आले की तो त्या भिंतीपुढे उभा राहून बोलायचा, डबा दिसू नये म्हणून. उभं राहून गुडघे दुखायचे ते वेगळंच.

मग मुलगा आणि सून दोन दिवस तिच्या माहेरी गेले. टेम्पोवाल्यांना जशी रिकामी सडक दिसते तशी ओळंब्याला ती भिंत दिसली. सकाळीच त्याच्या घरातून छिन्नीचा टकटक आवाज यायला लागला. मी गेलो, खुर्ची ओढली आणि बसलो. काम बघायला मला पहिल्यापासून आवडतं, करायला नाही.

त्याने भिंतीत अर्धी वीट खोल कोनाडा कोरला. राउटर आत बसवला, पाणसळ लावून, बुडबुडा बरोब्बर मधोमध. वायरीसाठी छताच्या कडेकडेने खाच पाडली, वायर तिच्यात दाबली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारातून म्हणाल्या, "अहो, कुणाला विचारा तरी."

"कुणाला विचारू? भिंत माझी आहे."

"अर्धी माझी," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नुसता गिलावा केला तर कोनाड्याच्या कडेने चीर जाते, हे गवंड्याचं पोरही सांगेल. म्हणून त्याने कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी घेतली, राउटरला समोरून, वरून, खालून, बाजूंनी नीट लपेटली, आणि वर गिलावा चढवला. आता एवढाच तुकडा नवा दिसला तर ठिगळ वाटेल, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सबंध भिंत नव्याने केली. रंग दिला. संध्याकाळी ती भिंत अशी झाली, की बसायला आलेली माशी घसरून खाली पडली. माशीचं मी शपथेवर सांगतो.

मुलगा-सून परत आले तेव्हा ओळंबा दारातच उभा.

"अय्या, भिंत किती छान केलीत, बाबा!" सून म्हणाली. "पण राउटर?"

"ओळखा!"

सुनेचं हसू गालावरच थिजलं. तिने फोन काढला. एकही दांडी नाही. वरच्या खोलीत गेली, खाली आली, अंगणात गेली. नाही. आपला नवरा लाडू लपवलेल्या मुलासारखा हसतोय आणि समोर सून रडवेली, हे वहिनींनी पाहिलं आणि त्या मुकाट्याने आत निघून गेल्या.

वायफायवाल्याला बोलावलं. तो जमिनीत पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखा फोन हातात धरून खोलीभर फिरला.

"डबा कुठाय, काका?"

"भिंतीत."

"भिंतीत कुठे?"

"तू शोध ना. तुझंच काम आहे."

"वरून नुसता गिलावाच ना?"

"नुसता कसा? जाळी घालून. चीर नको जायला."

वायफायवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, पाहिली, परत कानावर खोचली. "काका, तुम्ही त्याला पिंजऱ्यात घातलाय. तारेच्या जाळीतून नेटवर्क बाहेर पडत नाही. फोडा आणि काढा."

"मी बांधलेलं मी फोडत नाही," ओळंबा म्हणाला. मग भिंतीकडे बघत, हळू आवाजात: "शिवाय… नक्की जागा आता…"

खरी गंमत तिथेच होती. काम इतकं बेमालूम झालं होतं, की केलेल्यालाच सापडेना, आणि दिवसभर बसून बघितलेल्या मलाही. त्याने बोटाने भिंत वाजवली. इथून तिथून एकच आवाज. पोकळी म्हणून त्याने ठेवलीच नव्हती, सगळ्या फटी चुन्यासिमेंटाने बुजवलेल्या. दुसरा कुणी असता तर अंदाजे चार ठिकाणी ठोकून पाहिलं असतं. पण 'अंदाजे' हा शब्द त्याने आयुष्यात फक्त दुसऱ्याच्या कामाला वापरला होता. नवी वायर ओढायची तर कंपनीत नंबर लावा, महिना जाईल, असं सांगून वायफायवाला निघून गेला. मुलगा उठला आणि कुणाला तरी फोन लावायला बाहेर गेला. त्या दोन खोल्यांच्या मालकालाच, हे सांगायची गरज नव्हती.

आता माझ्या बाजूचं ऐका. जाळी होती समोरून, वरून, खालून, बाजूंनी. मागे काय होतं? मागे होती फक्त अर्धी वीट, आणि विटेच्या मागे माझं स्वयंपाकघर. दुसऱ्या दिवशी सून गाळणी मागायला आली. ओट्याशी उभी राहिली आणि तिच्या हातातला फोन टिंगटिंग, टिंगटिंग वाजायला लागला, थांबेचना. चार दांड्या. तिकडे दुष्काळ आणि माझ्याकडे पूर! डब्यात दांड्या, फडताळात दांड्या. भांड्यांना हात लावायचीसुद्धा भीती वाटायला लागली. माझं बंद पडलेलं घड्याळ त्या दिवसापासून चालू आहे. पुढे चालतंय, ते सोडा.

सून गाळणी विसरली आणि लॅपटॉप घेऊन आली. माझ्या ओट्यावर तिचं ऑफिस थाटलं गेलं.

ओळंब्याला हे कळलं तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. सून माझ्या स्टुलावर बसून कुणाला तरी समजावत होती. तो माझ्या छताकडे बघून म्हणाला, "मग राहायला आली वाटतं इकडे."

"कामापुरती," मी म्हटलं. "तुझ्या भिंतीचीच कृपा. झाड तू लावलंस, सावली मला मिळाली."

"जास्त बोलू नकोस. तुझा ओटा उताराचा आहे."

"म्हणूनच पाणी वाहून जातं, लेका."

तो गेला, पण मागे वळून त्याने जे पाहिलं ते माझ्याकडे नव्हतं. सुनेकडे होतं. आठवडाभर जो आवाज वरून त्याच्या घरात उतरायचा, तो आता शेजाऱ्याच्या घरातून त्याला ऐकावा लागत होता, आणि तोही भिंतीआडून.

हे असंच निभावलं असतं, पण मी गप्प बसणारा माणूस नाही, आणि तक्रार करणारी माणसं बहुतेक एकटी असतात. एका बाईंचं यंत्र फार उडत होतं. सून पुस्तकातलं विचारत होती, पाय सपाट आहेत का, कपडे जास्त झालेत का. मला राहवेना. मी मागून म्हणालो, "आमच्याकडे एक यंत्र होतं, ते धूत धूत दार उघडून बाहेर गेलं. चौकात पोलिसाने अडवलं तेव्हा कुठे पिळायला लागलं." बाई फोनवर हसायला लागल्या. चार दिवसांनी कंपनीतल्या साहेबीणबाईंचा सुनेला फोन आला. गिऱ्हाइकं फोन करून "त्या आजोबांना द्या" म्हणतायत. हे स्वयंपाकघर कुणाचं? घरून म्हणजे स्वतःच्या घरून, स्वतःच्या खोलीतून, दार लावून. सोमवारपासून तसं जमलं तर ठीक, नाहीतर ऑफिसात या.

त्या संध्याकाळी मुलगा बापापुढे बसला. "बाबा, रविवारी टेम्पो सांगितलाय."

ओळंबा भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "कपाट उभंच ठेवून नेऊ नका. जिन्याच्या वळणावर अडकेल." एवढंच.

रविवारी टेम्पो दारात लागला. वरून गाद्या उतरल्या, बादल्या उतरल्या. सुनेची खुर्ची उतरली, जिच्यावर बसून ती दार लावून बोलायची. वहिनी भिंतीला टेकून स्टुलावर बसल्या होत्या. त्यांची कंबर धरलेली असते, आणि गेले काही दिवस त्या तिथेच बसून निवडणं-टिपणं करत होत्या. मी माझ्या स्वयंपाकघरात चहा ठेवला होता. ज्याच्या घरून माणसं जातात, त्याच्या शेजाऱ्याने चहा ठेवावा, एवढं मला कळतं. आधण येतंय तोवर म्हटलं जरा बघून येऊ, म्हणून मी त्यांच्या दारात गेलो.

ओळंबा उठला. गुडघे कटकन वाजले. त्याने कोपऱ्यातून छिन्नी आणि हातोडा घेतला आणि भिंतीपुढे उभा राहिला. माझ्या स्वयंपाकघराच्या पाठीला कुठेतरी, एवढंच माहीत, नक्की जागा नाही. चेहरा असा, की सबंध भिंत पाडावी लागली तरी पाडायची. छिन्नी टेकवली. हात उचलला.

"तिथे नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"तिथे नाही म्हटलं. इथे आहे. माझ्या पाठीमागे."

"तुला काय माहीत?"

"गरम लागतं इथे. पाठ शेकून निघते. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा मला सरळ उठता येतंय."

ओळंब्याचा हात वरच राहिला. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मला विचारलं कुणी? वायफायवाल्याला विचारलंत, याला विचारलंत, भिंतीला वाजवून विचारलंत. आणि म्हटलं, फोडतील. 'मी बांधलेलं मी फोडत नाही' म्हणालात, तेव्हा देवाचे आभार मानले मी." त्या उठल्या, खरंच सरळ उठल्या, आणि स्टूल बाजूला सरकवला. बाहेर टेम्पोत काहीतरी आदळल्याचा आवाज आला. "आता फोडा. पाठीचं मी बघीन."

मी धावत माझ्या स्वयंपाकघरात आलो, चहा उतू गेला होता म्हणून. तेवढ्यात पहिला घाव बसला. ओळंब्याने आयुष्यभर भिंती चढवल्या. उतरवायचा हिशेब हाताला माहीत नव्हता. गिलावा गेला, जाळी गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला राउटर वायरीला लोंबकळला आणि मागची अर्धी वीट थेट माझ्या चहात पडली. धुरळा बसला तेव्हा भोकातून एक पांढराफटक चेहरा माझ्याकडे बघत होता.

"झाला का चहा?" चेहरा म्हणाला.

"वीट घालून झालाय. अजून काही हवंय?"

"एक वीट कमी घालत जा. तुझा चहा कडक असतो." मग त्याने मान वळवून जिन्याकडे तोंड केलं आणि असा ओरडला, की टेम्पोवाल्याने गाडी बंद केली. "सूनबाई! वर जाऊन बघ!"

सून हातातली उशी टाकून वर धावली. आम्ही खाली सगळे माना वर करून उभे, मी भोकातून. ओळंब्याने हातोडा अजून सोडला नव्हता.

"चार!" वरून आवाज आला. "बाबा, चार!"

ओळंब्याने खाली वाकून एक विटेचा तुकडा उचलला, बोटाने वाजवला, कानाशी नेला आणि ठेवून दिला. नंतर मुलाला म्हणाला, "गाद्या परत वर न्या. खोलीला ओल धरेल."

टेम्पोवाला मात्र अडून बसला. सांगून आणलाय, रिकामा जाणार नाही. तेव्हा ओळंबा, मुलगा आणि मी मिळून भिंतीचं सगळं डबर त्यात भरलं: गिलावा, विटा, कोंबड्यांची जाळी, माझं पातेलंसुद्धा, कारण ते आता चहाला चालणार नव्हतं. ज्या टेम्पोतून संसार जायचा होता त्यातून भिंत गेली.

भोक अजून आहे. बुजवायचं म्हटलं की ओळंबा म्हणतो, "नेटवर्कला अडथळा येतो." राउटर त्यातच लोंबतोय, वायरीला, एका शिंगावर, त्याहून तिरकी वस्तू त्या घरात कधी आली नाही. पाहुणे आले की ओळंबा आता बाजूला सरकतो आणि बोट दाखवतो. "मुद्दाम तिरका ठेवलाय," तो सांगतो. "सरळ ठेवला की लाटा आपटतात आणि परत येतात. तुम्हाला नाही कळायचं, ते काम बघितलेल्या माणसालाच कळतं." मागच्या आठवड्यात वायफायवाला दुसऱ्या कुणाच्या घरी स्क्रू पिळत असताना ओळंब्याने रस्त्यातून त्याला सांगितलं, "जरा तिरका कर रे!"

वहिनींची कंबर परत धरलीय. त्या स्टूल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतात, भोकाच्या या बाजूला. म्हणतात, मागून निघणारी ऊब इकडे जास्त येते. बसल्या बसल्या पलीकडच्या नवऱ्याला पालक निवडून भोकातून देतात. आणि सून वर, दार लावून, फोन घेते. कधी कुणी फारच हट्टाने आजोबांना मागितलं तर ती जिन्यावरून हाक मारते, ओळंबा भोकात तोंड घालतो आणि मला म्हणतो, "तुझं गिऱ्हाईक आहे. थोडक्यात सांग."